एक्केचाळीस वेळा भरलेली हातगाडी

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो, आणि मला तुमची दया नको. माझ्या जाळीला पोचा आहे, बटण मधेच अडकतं, मानेवरचा काळा रंग उडाला आहे. ते सगळं वयाने आलं, त्याची तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे. एका माणसाची एक धून होती. ती ऐकायला नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या एका खोलीत चार-चार माइक जमले होते, आणि तरी ती हरवली. त्या चारांतला एक मी. म्हणून मलाच सांगावं लागतं.

माझ्या पोटात फार काही नाही. एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेलं केसासारख्या तारेचं वेटोळं आणि मधे चुंबक. आवाज आला की पडदा हलतो, त्याच्याबरोबर वेटोळं हलतं आणि इवलीशी वीज तयार होते. ती वायरीतून पुढे गेली की भोंग्यातून आवाज निघतो. वायर लावलेली नसली तरी पडदा हलतोच. वीज होतेच. फक्त तिला जायला वाट नसते. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला एका लहानशा कारखान्यात एका बाईने जोडलं. तिने माझ्यावर फुंकर मारली, समोरच्या यंत्रावरचा काटा हलला, आणि तिने मला खोक्यात टाकलं. तिथून मी नागपुरात इतवारीत आलो आणि इतवारीतून चंपतरावांच्या पेटीत. चंपतरावांची साउंड सर्व्हिस होती. लग्न, बारसं, सभा, जयंती, ऑर्केस्ट्रा, कुठेही त्यांचे भोंगे लागायचे आणि कुठेही मी असायचो. पुढारी मला गच्च धरायचे आणि ओठ टेकवून बोलायचे. कोणाकोणाची थुंकी माझ्या जाळीत वाळली आहे, त्याचा हिशोब नाही. त्यांनी दिलेले शब्दही तिथेच वाळले.

तिथेच मी ताराचंदला पाहिलं. दिवसभर तो इतवारीत भांड्यांच्या एका दुकानात माल बांधायचा. गंज, गुंड, पराती हातगाडीवर चढवायच्या, दोर आवळायचा, गाडी गल्लीबाहेर काढून द्यायची. कार्यक्रम असला की अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गाणाऱ्याला माइक होता, ढोलकीला होता, निवेदकाला तर दोन होते. गिटारला नव्हता.

एकदा त्याने मागून पाहिला. "चंपतभाऊ, एखादा माइक इकडे वळवा ना."

"काहून गा ताराचंद?" चंपतराव हसले. "तुही गिटार कोण ऐकते? लोकं गाणं ऐकाले आले."

मी त्याच्यापासून दोन हात लांब स्टँडवर होतो. मला कोणी वळवलं नाही. कार्यक्रम संपताना निवेदक सगळ्यांची नावं घ्यायचा. गायकाचं, गायिकेचं, ढोलकीवाल्याचं, मंडप घालणाऱ्याचंसुद्धा. आणि मग म्हणायचा, "साथीला इतर कलाकार." ताराचंद वीस वर्षं 'इतर' होता. त्या ऑर्केस्ट्राची एक कॅसेट निघाली होती. तिच्यातही त्याची गिटार कान देऊन शोधावी लागते.

पुढे बिनवायरचे माइक आले. चंपतरावांनी जुनी पेटी रिकामी केली आणि मला ताराचंदच्या हातात ठेवलं. "ने गा. तुले माइक पाहिजे होता ना? घे आता, पोटभर वाजव." त्यांना ती गंमत वाटली. ताराचंदने मात्र मला रुमालात गुंडाळून घरी आणलं, आणि बायकोने, जयाने, मला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून आलमारीवर ठेवलं. तिथे मी अकरा वर्षं होतो. धूळ नाही, ऊन नाही. आणि कामही नाही.

ऑर्केस्ट्रा तोवर मोडला होता. ताराचंद रोज सकाळी दुकानात जाण्याआधी अर्धा तास गिटार घेऊन बसायचा. गाणाऱ्यांची गाणी त्याने सोडून दिली होती. तो स्वतःच्या धुना वाजवायचा. आठ होत्या. त्यांना नावं अशी नव्हती, ज्यातून निघाल्या त्याचंच नाव. एक 'कूलर', एक 'शाळेची रिक्षा', एक 'जयाचा राग'. ती वाजली की जया स्वयंपाकघरातून म्हणायची, "इतकी काही रागावत नाही मी." आणि सगळ्यांत मोठी 'हातगाडी'.

'हातगाडी' सात मिनिटांची होती. पहिलं अर्धं मिनिट गाडी नुसती भरली जाते. मोकळ्या तारा, जाड, सावकाश. दोर आवळल्यासारखा आवाज. मग गाडी निघते. खाली अंगठा चाक फिरवत राहतो आणि वर बाकीची बोटं सगळी गल्ली वाजवतात. फेरीवाला, टेम्पोचा हॉर्न, घसरून पडलेली परात, तिच्यावर हसणारं कोणी. गाडी अडकते, मागे येते, वळते. शेवटी रिकामी होऊन हलकी खडखडत घरी जाते. मी हजारो गाणी ऐकली आहेत. असलं काही दुसरं ऐकलं नाही. ताराचंदला सूर कागदावर लिहिता येत नव्हते. ती धून त्याच्या बोटांत होती, दुसरीकडे कुठेच नव्हती.

त्याची एकुलती एक मुलगी दीक्षा. मनीषनगरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. एक दिवस तिला ती जुनी कॅसेट सापडली. कुठून तरी टेप आणून तिने ती लावली आणि तिचं तोंड उतरलं.

"बाबा, हे तुमी आहे? हे तर टिनावर खिळा घासल्यावानी वाजून राहिलं."

"मीच आहे," ताराचंद हसला. "बरं आहे ना, चुकाही ऐकू येत नाही."

ती हसली नाही. म्हणाली, "तुमच्या आठही धुना रेकॉर्ड करू. घरीच. पण आता तुमच्यासमोर भंगार माइक नाही लावणार मी."

हे वाक्य प्रेमाचंच होतं, मित्रांनो. म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो.

मग ती माइक शोधायला लागली. इंटरनेटवर भिंतींना फोम चिकटवलेल्या खोल्यांत बसलेली माणसं 'कमी किमतीत घरच्या घरी गिटार' या विषयावर तास-तास बोलतात, ते सगळं तिने पाहिलं. हा गोड, तो कोरडा, ह्याच्यात खर्ज जास्त, त्याच्यात तारेची चमक जास्त. तीन नवे माइक घरी आले. एक थेट कॉम्प्युटरला लागणारा. एक जाडा, तोंडाला गोल जाळी लावून मिरवणारा. एक पेन्सिलीएवढा बारीक. त्यांतल्या कोणालाही बाहेरून वीज पाजल्याशिवाय काही ऐकू येत नाही. चौथा मी. मला डब्यातून काढून दीक्षाने फुंकर मारली आणि म्हणाली, "हा पण ठेवू. भंगाराचा आवाज कसा येते ते कळन."

पहिला दिवस मार्चमधला रविवार होता. दीक्षा आतल्या खोलीत माइक गिटारपासून किती लांब ठेवायचा ते मोबाइलवर वाचत होती. मी खाटेवर पडलो होतो, वायर लावलेली नव्हती. ते तिघे खोक्यात, विजेविना मेल्यासारखे. ताराचंदने हात गरम करायला म्हणून गिटार घेतली आणि अख्खी 'हातगाडी' वाजवली. भरण्यापासून रिकामी होऊन घरी येईपर्यंत, सातही मिनिटं. मी माझ्या आयुष्यात ती इतकी चांगली कधी ऐकली नव्हती. माझा पडदा हलत होता, वेटोळं हलत होतं, वीज होत होती. ती माझ्यातच फिरली आणि माझ्यातच विझली.

दीक्षा बाहेर आली. "झाला हात गरम? आता नुसती सुरुवात वाजवा बाबा."

"नुसती सुरुवात?"

"तुलना करायची आहे ना. चारही माइकसमोर सारखाच तुकडा पाहिजे. तीस सेकंद पुरे. चांगला माइक कोणता ते ठरलं की मग पूर्ण घेऊ."

ताराचंदने गाडी भरली. पहिल्या माइकसमोर, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि शेवटी माझ्यासमोर. मग गिटारच्या भोकासमोर. मग मानेजवळ, बाराव्या पट्टीसमोर, एक वीत लांब. मग दीड वीत.

मे महिना आला. नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. कूलरचा आवाज येतो म्हणून कूलर बंद. पंखा बंद. खिडक्या बंद, भिंतींना गाद्या टेकवलेल्या. ताराचंदच्या नाकावरून घाम गिटारवर टपकायचा. जया दारात पदराने वारा घेत उभी राहायची. "मी उन्हात पापड वाळवून राहिली, तुमी घरात माणूस वाळवून राहिले."

"आई, बोलू नको वं! रेकॉर्ड होऊन राहिलं."

"होऊ दे रेकॉर्ड. लोकायले कळू दे."

"बाबा, पुन्हा. आईचा आवाज आला." "बाबा, पुन्हा. स्कूटर गेली." ताराचंद एकदाही नाही म्हणाला नाही. गाडी भरायचा, थांबायचा. भरायचा, थांबायचा.

दीक्षाने चारही माइकची तुलना इंटरनेटवर टाकली. बरेच लोक पाहायला आले. ते म्हणाले, छान, पण खोलीचा घुमारा येतो, फोम लावून करा. तिने फोम लावला. ते म्हणाले, दोन माइक एकत्र लावून पाहा. तिने पाहिले. ते म्हणाले, तारा नव्या घाला. घातल्या. पावसाळ्यात वरच्या पत्र्याचा आवाज म्हणून पाच-सहा आठवडे काहीच झालं नाही. या माणसांनी ताराचंदचं नावसुद्धा कधी विचारलं नाही. तिथेही तो 'इतर' होता.

आता मी जे सांगतो ते कोणालाच कळलं नव्हतं. जयाला सोडून.

जूनमध्येच ताराचंदच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर व्हायला लागली होती. चहाचा कप हातातून सुटायचा. डॉक्टर म्हणाले होते, कोपरातली नस दाबली गेली आहे, ऑपरेशन लवकर करून घ्या. ऑपरेशननंतर काही महिने गिटार धरता येणार नव्हती आणि पुढचा भरवसा कोणी देत नव्हतं. ताराचंदने ठरवलं, आधी रेकॉर्डिंग, मग ऑपरेशन. आणि मुलीला सांगितलं नाही. गाडी भरायला बहुतेक मोकळ्या, न दाबलेल्या ताराच लागतात, डाव्या हाताच्या दोन बोटांत भागतं. गल्लीत शिरायला चारही लागतात. पण गल्लीत शीर असं त्याला कोणी म्हणतच नव्हतं.

एका दुपारी दीक्षा शाळेत होती. मी स्टँडवरच होतो, माझ्यासमोरच हे बोलणं झालं.

"पोरीले सांगत काहून नाही?" जया म्हणाली.

"सांगतलं तर ती घाई करन. घाईत काम खराब होते."

"आन् हात खराब झाला तर?"

ताराचंदने गिटारवरचा घाम फडक्याने पुसला. मग म्हणाला, "जया, वीस वर्ष कोणी माइक वळवला नाही माह्याकडे. आता चार-चार लागून राहिले. पोरगी वीत मोजते, कागदावर लिहिते, बाबा थोडं इकडे सरका म्हणते. जरा मजा घेऊ दे ना वं."

"मजा! कप धरता येत नाही, आन् मजा घेऊन राहिले!" जया म्हणाली. पण डोळे पुसत आत गेली आणि तिनेही दीक्षाला सांगितलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी ती बारीक पेन्सिल दीक्षाला खटकली. कानाला हेडफोन लावून ती पुन्हा-पुन्हा ऐकत होती. "याच्यात खरखर आहे. तार वाजल्यावर झर्र करते."

ती खरखर माइकची नव्हती. बधिर झालेलं बोट मोकळ्या तारेला नकळत टेकत होतं, त्याने तार झरझरत होती. घरातला तो एकटा माइक खरं बोलत होता. ताराचंदने ऐकलं. मी त्याच्याकडे पाहत होतो. तो म्हणाला, "माइकच खराब असन." दीक्षाने पेन्सिल परत पाठवली आणि इंटरनेटवर लिहिलं, हा घेऊ नका.

मग तिने माझ्यातला तुकडा ऐकला. माझा कान जाड आहे, बारीक चरचर मला ऐकूच येत नाही. मी सभांसाठी बनलेला, मला फक्त ओरडणं कळतं. दीक्षा उठून उभी राहिली. "बाबा, हे पाहा! तीस वर्षांचा डबा, पण आवाज स्वच्छ! खरखरीचं नाव नाही!"

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात माझी स्तुती झाली ती एवढीच. मी बहिरा होतो म्हणून. खरं सांगणारा खोक्यात घालून परत गेला आणि मला तिने मऊ फडक्याने पुसलं. ते पुसणं अजून अंगाला लागतं.

दिवाळी झाली. दीक्षाचा निकाल लागला. तिने मोठा तक्ता केला होता, प्रत्येक माइकला गुण दिले होते, आणि तो जाडा माइक पहिला आला होता. नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळी तिने त्याला बाराव्या पट्टीसमोर एक वीत लांब लावला. मला शेजारच्या स्टुलावर ठेवलं. बाहेर स्कूटर नव्हती, कूलर झाकून ठेवला होता, सगळं जसं हवं तसं होतं.

"बाबा, आता पूर्ण. हातगाडी. शेवटपर्यंत."

ताराचंदने गाडी भरली. दोर आवळला. अंगठ्याने चाक फिरवलं, गाडी हलली. आणि वर जिथे फेरीवाला ओरडायला हवा तिथे थप्प आवाज आला. बोट तारेवर पडलं होतं, तार दाबली नव्हती. तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच थप्प. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून केलं.

दीक्षा स्क्रीनकडे पाहत होती. "थांबा बाबा. काहीतरी प्रॉब्लेम आहे. माइक जरा सरकवते."

ती उठली आणि माइक दोन बोटं डावीकडे सरकवला. मग वायर तपासली.

जया दारात आली होती. तिच्या हाताला पीठ होतं. ती म्हणाली, "माइक नको पाहू वं दीक्षा. हात पाह्य."

दीक्षाने पाहिलं. मार्चपासून तिने त्या हातापासून माइकपर्यंतचं अंतर इतक्या वेळा मोजलं होतं, पण हात आज पाहिला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधलं मांस आत गेलं होतं. शेवटची दोन बोटं आकड्यासारखी वळली होती.

"कधीपासून?"

"जूनपासून," जया म्हणाली. "तुही तुलना संपन, मग रेकॉर्डिंग होईन, मग ऑपरेशन. असं ठरवलं यायनं."

दीक्षा खाली जमिनीवर बसली. "मले सांगतलं काहून नाही बाबा? मी मोबाइलवर केलं असतं. कशावरही केलं असतं."

"तुले चांगलं करायचं होतं ना पोरी," ताराचंद म्हणाला. "मलेही चांगलंच पाहिजे होतं." मग त्याने गिटार खाटेवर ठेवली, अगदी हळू, झोपलेल्या माणसाला ठेवावं तशी.

डिसेंबरात ऑपरेशन झालं. दुखणं थांबलं. बोटं आली नाहीत. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. दीक्षाने बापाला ती धून तोंडाने म्हणायला सांगितलं. त्याने सुरुवात केली आणि थांबला. "वरची गल्ली म्हणू का खालचं चाक?" तोंड एकच असतं. दोन्ही एकदम म्हटल्याशिवाय गाडी चालत नाही. दीक्षाला गिटार वाजवता येत नाही. तिला माइक येतात. मार्च ते नोव्हेंबर ती त्या बोटांसमोर बसून होती, तेवढ्या वेळात बापाने तिला निम्म्या धुना शिकवल्या असत्या. हे मी तिला सांगू शकलो असतो तर सांगितलं असतं, आणि गोड शब्दांत सांगितलं नसतं.

बाकीच्या सात धुनांचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांची तर सुरुवातसुद्धा नाही. तुलनेला एकच तुकडा लागतो.

एका संध्याकाळी तिने सगळ्या फाइली मोजल्या. एक्केचाळीस. चार माइक, वेगवेगळ्या जागा, वेगवेगळी अंतरं, फोमसकट, फोमशिवाय. एक्केचाळीस वेळा गाडी भरलेली आहे, आणि कोणत्याही फाइलीत ती निघत नाही. इंटरनेटवर त्या तुलनेखाली अजून लोक लिहितात. परवा एकाने लिहिलं, "माइक ठीक आहे, पण धून जबरदस्त. पूर्ण कधी टाकता?" दीक्षाने ते वाचलं. त्या जाड्या माइकवर तिने रुमाल टाकला आहे.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझ्या जाळीचा पोचा तसाच राहू द्या, मला पुसूही नका. वस्तूला जपणारे फार झाले. तुमच्या घरात कोणी वाजवत असेल, गात असेल, आपल्याच नादात काही गुणगुणत असेल, तर हाताला लागेल तो माइक त्याच्यासमोर ठेवा. मोबाइल असेल तर मोबाइल. भंगार असेल तर भंगार. कूलर चालू राहू द्या, स्कूटर जाऊ द्या, आईला बोलू द्या. फक्त वायर लावलेली असू द्या आणि त्याला शेवटपर्यंत वाजवू द्या. चांगला माइक उद्याही दुकानात मिळेल. आणि त्याच्या हाताकडे पाहा. माझ्याकडे नको.

ताराचंद अजून रोज सकाळी गिटार घेऊन बसतो. मला आता डब्यात ठेवत नाहीत. माझी वायर कायम लावलेली असते. शाळेत जाण्याआधी दीक्षा रेकॉर्डिंगचं बटण दाबते आणि मला एक बोटभरही न सरकवता निघून जाते. ताराचंद दोन बोटांनी गाडी भरतो. दोर आवळतो. मग त्याचा अंगठा खालच्या तारेवर थांबतो, आणि खोलीत फक्त माझी वायर जागी असते.

गाडी भरलेली आहे. ती तिथेच उभी आहे.